दादा, तुझी झाडं मी पाण्यानं मारली

प्रिय दादा,

आज दुपारी मी आपल्या धाकट्या सुन्यासमोर तुझ्याबद्दल एक गोष्ट बोलले. ती तुला दुसऱ्या कुणाकडनं कळण्याआधी मीच सांगावी, म्हणून लिहायला बसलेय. डाव्या हाताला टाके पडलेत, पण उजवा चालतोय. तू असतास तर म्हणाला असतास, "मने, भांडण उकरून काढल्याबिगर तुझा दिवस मावळत न्हाई." नाहीच मावळत! कुणी लाडावून ठेवलंय मला एवढं?

आधी खबर ऐक. रामदासला जामीन झाला. आपला सख्खा चुलत भाऊ, तुझा खून करून आत गेलेला, या आठवड्यात वडगावात परत आला. स्टँडवर उतरला तेव्हा त्याच्या पोरांनी फटाके लावले म्हणे. खरं-खोटं देव जाणे, पण ऐकलं तेव्हा माझ्या हातातलं ताट भिंतीवर गेलं. पोपडा उडालाय भिंतीचा. तुझे दाजी उठले आणि त्यांनी झाडू घेतला.

मी काही संत नाही, दादा. रामदास मरावा असं मला रोज वाटतं. कुरकुंभला पॅकिंगवर उभी असते, औषधाच्या पट्ट्या समोरनं जात असतात आणि मी मनात त्याला आडवा पाडत असते. एकदा सुपरवायझरनं विचारलं, "मॅडम, कुणावर दात खाताय?" काय सांगू त्याला?

आणि भांडण कशावरनं, तर वाटेवरनं! आपल्या रानातनं रस्त्याला निघायची ती गाडीवाट. आजोबांची मेंढरं त्याच वाटेनं जात होती, तेव्हा कुणाची ना नव्हती. तुझा कुंड्यांचा टेम्पो जायला लागला तशी रामदासच्या पोटात आग पडली. वाटेवर बाभळीच्या काट्या टाकायचा. तू उतरायचास, काट्या बाजूला ओढायचास, काहीबाही विनोद करायचास आणि जायचास. "कसली झाडं इकतो रं, मेंढरूसुदिक तोंड लावना असली," असं तो ओरडायचा, आणि तू म्हणायचास, "म्हणूनच टिकत्यात!"

त्या दिवशी कशाला हसलास? गप काट्या ओढून गेला असतास तर? का थांबलास त्याच्याशी बोलायला? हा राग मला तुझा आहे, आणि तो जाणार नाही.

खोऱ्याच्या दांड्यानं मारलं त्यानं तुला. पाठीमागून. सुन्या मोटर चालू करायला नदीवर गेला होता. आरडाओरडा ऐकून पळत आला तेव्हा तू वाटेत पडलेला होतास, आणि रामदास टेम्पोतल्या कुंड्या एकेक करून काढत होता आणि तुझ्या अंगाशेजारी आपटून फोडत होता. रक्तात माती, मातीत पानं. शिरूरच्या कुठल्याशा ऑफिसला निघाली होती ती झाडं. सुन्यानं हे मला एकदाच सांगितलं. परत सांगायला लागला की त्याचा जबडा नुसता थरथरतो आणि शब्द येत नाहीत.

आता दहाव्याचं. तू तिथं होतास का नव्हतास, यावरच तर सगळा तंटा आहे, म्हणून नीट सांगते.

घाटावर हीऽऽ गर्दी. एक पुढारी माईकवरनं हटायला तयार नाही, तुला "वृक्षमित्र" म्हणत होता. हसला असतास तू. मग पिंड ठेवला आणि सगळे मागं सरकले. लिंबावर कावळे होते, पण एक खाली येईना. मामा पुढं झाले, हात जोडून म्हणाले, "दत्ता, तुझ्या म्हाताऱ्या आप्पाला आम्ही सांभाळतो." कावळा नाही. धाकटा चुलता, रामदासचा बाप नव्हे, म्हणाला, "शेत पडीक ठिवत न्हाई." कावळा नाही. ऊन डोक्यावर आलं. बायका कुजबुजायला लागल्या, लग्न राहिलं ना त्याचं, त्यात जीव असंल. मला ते ऐकवेना. झाडं विकणाऱ्याला पोरगी कोण देतं, म्हणत यांनीच तर तुझी तीन-तीन स्थळं मोडली होती!

मी पुढं झाले आणि म्हणाले, "दादा, तुझ्या झाडांना मी नेते. रोज माझ्या हातानं पाणी घालीन." आणि त्याच वेळी, अगदी त्याच वेळी, सुन्या माझ्या मागनं ओरडला, "दादा, रामदासचं मुंडकं आणतो!"

आणि कावळा आला.

बायका रडल्या, पुरुषांनी सुस्कारे टाकले, जो तो नदीकडं अंघोळीला पळाला. मी आणि सुन्या तिथंच उभे. तो माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं. कुणाच्या शब्दावर आला होता कावळा?

सुन्या म्हणतो माझ्या. मी म्हणते माझ्या. त्या दिवसापासनं आमचा हा एकच वाद. फोनवर, दारात, जेवताना. "दादानं माझा शब्द घेतलाय, ताई. तुला काय कळतंय?" असं तो म्हणायचा, आणि मी सांगायचे, "दादा त्याच्या झाडांवर जीव टाकत हुता, मुंडक्यावर न्हाई." पण माझ्याकडं पुरावा काय? मग मी मनाशी ठरवलं की झाडंच पुरावा. ती तरारली की सुन्याला सांगता येईल, बघ, हाच शब्द दादाला पाहिजे होता.

तुझ्या शेडमधनं टेम्पोभर झाडं दौंडला आणली. आमच्या दोन खोल्यांत चालायला जागा राहिली नाही. टीव्हीवर मनीप्लांट, फ्रिजवर स्पायडर प्लांट, खिडकीत ती तलवारीसारख्या उभ्या पानांची स्नेक प्लांट, दाराशी चकचकीत पानांची झीझी, मोरीशेजारी जाड पानांचं जेड. आणि रोज सकाळी शिफ्टला जायच्या आधी प्रत्येक कुंडीत तांब्याभर पाणी. एक दिवस चुकवला नाही. ताप आला तेव्हासुद्धा उठून घातलं. "अगं, माती अजून ओली दिसतीय," दाजी म्हणाले, तर मी त्यांच्या अंगावर धावून गेले. शब्द दिलाय मी! पिंडापुढं दिलाय!

पानं पिवळी पडायला लागली. मी पाणी वाढवलं. आपण नदीकाठची माणसं ना, दादा, उसाची पानं पिवळी दिसली की पाण्याची पाळी चुकली म्हणणारी. वर चिमूटभर युरियाही टाकला. स्नेक प्लांट बुडातनं मऊ पडली, एका बाजूला कलली. मी तिला काठी बांधली आणि अजून एक तांब्या घातला.

आता कपाळावर हात मारतोयस ना? मार!

तू गिऱ्हाइकांना कसा बोलायचास, ते मी शेडमध्ये बसून किती वेळा ऐकलंय. आधी झाड दाखवायचास नाही. आधी प्रश्न. खिडकी कुठल्या तोंडाची? घरी दिवसभर कोण असतं? सुट्टीला गावाला जाता का? आणि माणूस बघून झाड द्यायचास. घरी एकट्या असणाऱ्या मावशींना फर्न दिलास, कारण त्याचं रोज करावं लागतं आणि त्यांना करायला कुणीतरी पाहिजे होतं. अंधाऱ्या दवाखान्यात झीझी. शिफ्टवाल्याला स्नेक प्लांट, "इसरलं तरी रुसत न्हाई." मला मात्र कोरफड दिलीस आणि म्हणालास, "काटं हायती, तुला सोबत हुईल." आणि प्रत्येकाला शेवटी तेच सांगायचास, "बोट घाला मातीत, पार दुसऱ्या पेरापत्तुर. ओलं लागलं तर पाणी न्हाई. मी इकल्यालं झाड तहानंनं मेल्याचं कुणीबी सांगितलं न्हाई. समदी पाण्यानं मेली."

हे मला पाठ होतं. येत होतं सगळं! पण मी बोट घातलंच नाही. झाडाला पाणी पाहिजे का नको, हे मी विचारतच नव्हते. मला सुन्याला हरवायचं होतं.

आज दुपारी सुन्या आला. न सांगता. हातात आप्पांच्या गोळ्यांची पिशवी आणि पाठीला सॅक. पाणी प्यायला आणि म्हणाला, "ताई, आप्पाला हिकडं घिऊन ये. मी काही दिस नसंल."

मी विचारलं, "कुठं चाललायस?"

"काम हाय."

"सॅकमधी काय हाय?"

मी सॅक ओढली. गोणपाटात गुंडाळलेला ऊस तोडायचा कोयता, आणि पातं असं लखलखीत की त्यात खिडकी दिसत होती. सुन्याला अशी धार लावता येत नाही, हे मला माहीत आहे. मी म्हटलं, "धार कुणी लावली?"

"आप्पांनी," तो म्हणाला.

दादा, मी तिथल्या तिथं आप्पांना फोन लावला. त्यांच्यावर आयुष्यात आवाज चढवला नव्हता, आज चढवला. "आप्पा, तुम्ही धार लावून दिली? तुम्ही?" ते म्हणाले, "माझा पोरगा गेलाय, मने." मी म्हटलं, "आन् दुसराबी घालवायचा हाय का? ह्यो रामदासला तोडंल आन् जन्मभर जेलात सडंल, न्हाईतर त्याची पोरं ह्याला तोडतील! मग मी राखी कुणाला बांधू, तुमच्या कोयत्याला?" त्यांनी फोन ठेवला.

तोवर सुन्या खिडकीशी गेला होता. त्याचं लक्ष झाडांकडं गेलं. "ही काय दशा केलीस?" असं म्हणत त्यानं स्नेक प्लांटचं एक पान धरलं, तर ते बुडातनं सुटून हातातच आलं. मागनं दुसरं. कुंडीतनं असा घाण वास सुटला की त्यानं तोंड फिरवलं. मग झीझी उपटली. तिचे ते बटाट्यासारखे कंद असतात ना, ते पिचकून काळा चिखल झाले होते. मला म्हणाला, "रोज पाणी घातलंस?"

"शब्द दिला हुता," मी म्हटलं.

आणि तो हसला रे! "मग बघ की. दादाला तुझा शब्द नकोच हुता. पाहिजे असता तर झाडं जगली असती. कावळा माझ्या शब्दावरच शिवला."

मी त्याच्या कानाखाली वाजवली. लहानपणापासनं मारलं नव्हतं इतक्या जोरात. त्यानं कुंड्यांच्या स्टँडला लाथ घातली. सगळ्या कुंड्या खाली! मातीचा चिखल, खापऱ्या, सडकी मुळं, टीव्हीची काच गेली. तो कोयता घेऊन दाराकडं वळला. मी दाराला पाठ लावली. "सर बाजूला, ताई." "न्हाई सरत." त्यानं मला खांद्याला धरून ढकललं. माझा पाय चिखलावरनं घसरला, मी पडता पडता जे हाताला लागलं ते धरलं, आणि ते कोयत्याचं पातं होतं.

आप्पांनी धार चांगली लावली होती.

दुखलं नाही, दादा. खरंच सांगते. मी सोडलंच नाही. तो ओरडायला लागला, "सोड, ताई, सोड, तुटंल हात!" आणि मी पातं धरून त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन किंचाळले. काय किंचाळले, ते सांगायलाच तर हे पत्र.

मी म्हणाले, "कावळ्याला भूक लागली हुती, सुन्या! भूक! सकाळपासनं बसला हुता ऊन खात. समोर भात हुता, तूप हुतं, माणसं मागं सरली तसा आला आन् खाल्ला! त्याला ना तुझं मुंडकं ऐकू आलं, ना माझं पाणी! दादा तिथं नव्हता! दादा कुठंच न्हाई! त्याच्या डोक्यात दांडा बसला आन् तो संपला! तू कुणाला शब्द देतोयस? कुणासाठी मारतोयस? ऐकायला कुणी न्हाई रे!"

त्याची मूठ सैल झाली. शेजारच्या वहिनी दार बडवत होत्या. सुन्या चिखलात बसला आणि त्यानं माझा हात आपल्या शर्टात गुंडाळला.

दवाखान्यात त्यानंच नेलं. तोच दवाखाना, तू झीझी दिलेला. टाके घालून बाहेर आले तर सुन्या रक्तानं भरलेल्या शर्टानं त्या झाडापुढं उभा. पोराएवढं उंच झालंय ते, पानं तेल लावल्यासारखी, वर बोटभर धूळ. कंपाउंडर म्हणाला, "त्याला काय करावं लागतंय? आठवलं तर पाणी, न्हाईतर तसंच." सुन्यानं कुंडीत बोट घातलं. मग शर्टाच्या कोरड्या टोकानं एकेक पान पुसायला लागला. मी घाई केली नाही. टाक्यांची कळ आता कुठं सुरू झाली होती.

घरी आल्यावर मी त्याला भाकरी-पिठलं वाढलं. घास तसाच धरून त्यानं विचारलं, "ताई, खरंच का? दादाला काहीच कळत नसंल? आपण दहाव्याला बोललो त्ये?"

दादा, त्यानं कोयत्याबद्दल विचारलं असतं तर मला सोपं गेलं असतं. पण तो लहान असताना तुझ्या मांडीवर झोपायचा ना, तसं तोंड करून विचारत होता. मला म्हणायचं होतं, कळतं रे, सगळं कळतं, तो बघतोय आपल्याकडं. पण तसं म्हटलं असतं तर तो उठला असता आणि गेला असता. दादा बघतोय म्हटल्यावर थांबणाऱ्यातला आहे का तो?

"न्हाई," मी म्हणाले.

"काहीच न्हाई?"

"काहीच न्हाई रे, सुन्या."

तेव्हा तो रडला. तू गेल्यापासनं पहिल्यांदा. स्मशानात नाही, दहाव्याला नाही, जामीन झाला तेव्हा नाही. आज, माझ्या ओट्यापाशी, हातातला घास तसाच, असा ढसाढसा रडला की दाजी कामावरनं आले ते चपलांसकट दारात उभे राहिले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, कोयता उचलला आणि परत बाहेर गेले. कुठं टाकला ते मी विचारलं नाही.

आता तो आतल्या खोलीत झोपलाय. मी चिखल भरला, खापऱ्या भरल्या. एवढ्या झाडांतली कोरफड तेवढी वाचली, कारण ती गॅलरीत कपड्यांच्या मागं होती आणि माझ्या ध्यानातच नव्हती. मला तिचं काही कौतुक वाटत नाही. पण उद्या सुन्याला तिच्या पिलांच्या वेगळ्या कुंड्या करायला बसवणार आहे. माती भुसभुशीत, वाळू जास्त, तळाला भोक. काहीतरी काम पाहिजे त्याच्या हातांना.

रामदासचं म्हणशील तर मी त्याला माफ केलेलं नाही. कोर्टात तारीख लागेल तेव्हा सुन्या उभा राहील आणि त्यानं काय पाहिलं ते सांगेल. त्याचा जबडा थरथरला तर मी मागनं ओरडेन, मग जज्जसाहेबांनी मला बाहेर काढलं तरी चालेल. रामदास आत सडावा, म्हातारा होऊन सडावा. हा राग मी जपणार आहे. त्याला पाणी घालावं लागत नाही.

पण तुझं काय, दादा? रामदासनं तुला वाटेत मारलं, आणि आज मी माझ्या घरात उभं राहून तू नाहीस म्हणाले. मोठ्यानं. शेजाऱ्यांनी ऐकलं. तू असशील, तर तुला किती लागलं असेल! आणि नसशील, तर मी ही बडबड कुणाशी करतेय? कावळा आला तेव्हा माझ्या जिवाला जे वाटलं होतं ना, दादानं ऐकलं म्हणून, ते आज मी माझ्याच तोंडानं मोडलं. ते परत येत नाही. मगापासनं बघतेय.

आता झाडांचा शब्द मी मोडला, आणि नवा एक देते. सुन्याच्या हातनं मी कुणाला मरू देणार नाही आणि कुणाच्या हातनं सुन्याला मरू देणार नाही. त्यासाठी तू नाहीस असं त्याला रोज सांगावं लागलं, तर रोज सांगीन, त्याच्या डोळ्यांत बघून, अजिबात न चाचरता.

शप्पथ कुणाची घेऊ, दादा? तुझीच घेते.

तुझी,
मनी